पुण्यात गच्चीवर केल: बी नेमके कधी पेरावे?

कुंडीवाला, पुणे
नमस्कार. गच्चीवरच्या कुंड्यांत नोव्हेंबरअखेरीस केलचे (कोबीच्या जातीतल्या पालेभाजीचे) बी पेरले होते. आता फेब्रुवारी संपत आला असून पाने राठ आणि कडसर झाली आहेत, शिवाय पानांमागे राखाडी मावा (रस शोषणारी बारीक कीड) दाटला आहे. खतपाणी वेळच्या वेळी दिले जाते, ऊनही भरपूर आहे. पुढच्या हंगामात नवलकोल आणि गाजरही घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परसबाग, नाशिक
तुमच्या खतपाण्यात काही उणे दिसत नाही. पेरणी तेवढी उशिरा झाली आहे. केल, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही एकाच वनस्पतीची रूपे असून थंडीत त्यांच्या पानांत साखर वाढते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतले पान गोडसर लागते आणि पारा तिशीपलीकडे गेला की तेच पान राठ होते. थंडी पडेल तेव्हा झाड चांगले वाढलेले हवे. त्यासाठी सप्टेंबरच्या मध्यास ट्रेमध्ये बी पेरावे, ऑक्टोबरच्या चटक्यात दुपारी शेडनेटची सावली द्यावी आणि चार-पाच आठवड्यांची रोपे संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावावीत. १२ इंची कुंडीत एकच रोप, वाफ्यात दोन रोपांमध्ये ४५ सेंमी अंतर. खालची पाने देठासकट खुडत जावे, शेंडा मात्र राखावा. नवलकोलालाही हेच वेळापत्रक चालते. गड्डा कोवळा असतानाच काढावा, नाहीतर आत दोर धरतो.

निंबोळी, सातारा
माव्याबद्दल थोडे लिहितो. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारावा. त्यानंतर ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. पानावर पारदर्शक खिडक्या दिसल्या आणि बोट लावताच वळवळत धाग्यावर लोंबकळणारी बारीक हिरवी अळी आढळली, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची समजावी. ती हातानेच वेचलेली बरी. रोपे लावण्याआधी पंधरा दिवस शेजारच्या कुंडीत मोहरी पेरून ठेवावी. मावा आणि हा पतंग दोन्ही तिच्याकडे आधी वळतात, त्यामुळे फवारणी तिच्यावर केंद्रित करता येते. कोबीच्या शेतात हा उपाय फार पूर्वीपासून चालत आला आहे आणि गच्चीवर तो का वापरला जात नाही, याचे मला खरोखर नवल वाटते.

कुंडीवाला, पुणे
मनःपूर्वक आभार. गाजराचेही रोप करून लावावे का?

परसबाग, नाशिक
नाही. पुनर्लागवडीत मुळाचे टोक दुखावते आणि गाजराला फाटे फुटतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतानेही तेच होते. एक फूट खोल कुंडीत ऑक्टोबरमध्ये बी थेट पेरावे आणि उगवेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवावे. ‘पुसा केसर’ हे लाल वाण उष्णता बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे पुण्याच्या हवेत मी त्यालाच पसंती देईन.