अमेरिकेतल्या हायस्कुलात नव्याने आलेली मुले: इंग्रजीची सुरुवात नेमकी कुठून करावी?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत इएसएल, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी, शिकवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. माझ्या न्यूकमर वर्गात 22 मुले आहेत, वय 14 ते 19. बहुतेकांची भाषा स्पॅनिश, पाच जणांची अरबी, दोघांची दारी (अफगाणिस्तानातली भाषा), एकीची हैतीयन क्रिओल. प्रवेशाच्या इंग्रजी चाचणीत सगळ्यांची पातळी 1, म्हणजे सर्वांत खालची. इएसएलचा तास रोज 85 मिनिटांचा, आणि उरलेला दिवस हीच मुले बायॉलॉजी, अल्जिब्रा, इतिहासाच्या नेहमीच्या वर्गांत बसतात.

पुस्तक ‘ॲम-इज-आर’पासून सुरू होते, मग साधा वर्तमानकाळ, मग चालू वर्तमानकाळ. गाळलेल्या जागा मुले बरोबर भरतात, पण बायॉलॉजीच्या तासाला गप्प बसतात. तिघांना तर फळ्यावरच्या दोन ओळी उतरवायला दहा मिनिटे लागतात. माझे तीन प्रश्न: व्याकरणाचा हा क्रम सोडावा का? त्या तिघांसाठी वेगळे काय करावे? आणि वर्गात मातृभाषा किती चालू द्यावी?

खडूफळा:
पाटीपेन्सिलताई, ‘पातळी 1’ने काहीच कळत नाही. चाचणी फक्त इंग्रजी मोजते. आपल्या भाषेत दहावीपर्यंत उत्तम शिकलेला मुलगा आणि चार वर्षे शाळेबाहेर राहिलेला मुलगा, दोघांनाही तीच पातळी मिळते. पुढच्या सगळ्या योजनेचा पाया या फरकावर आहे, म्हणून आधी तो शोधा. त्याला एक तास पुरतो.

1) प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि दहा मिनिटे मातृभाषेत लिहायला सांगा. विषय सोपा ठेवा: आधीच्या शाळेतला एक दिवस. भाषा तुम्हाला येत नसली तरी बरेच दिसते. किती ओळी झाल्या, विरामचिन्हे आहेत का, ओळ सरळ जाते का, हात न थांबता चालतो का. पानभर सलग लिहिणाऱ्याला वाचायला शिकवायचे नाही, फक्त इंग्रजी शिकवायचे आहे. दोन ओळींत अडखळणाऱ्याला आधी वाचन-लेखन हवे.

2) शब्द नसलेली दहा गणिते द्या: बेरीज, भागाकार, अपूर्णांक, एक साधे समीकरण. इथे मात्र जपून. कित्येक देशांत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, आणि भागाकाराची मांडणीही इथल्यापेक्षा वेगळी असते. उत्तर बरोबर असूनही अनोळखी दिसू शकते, ते चूक धरू नका.

3) छोट्या लिपीतली अक्षरे क्रम मोडून दाखवा आणि नाव नको, आवाज विचारा.

दारी आणि अरबी मुले उजवीकडून डावीकडे लिहीत आली आहेत, आणि त्यांच्या लिपीत कॅपिटल अक्षरे नाहीत. त्यामुळे त्यांचा वेग कमी दिसला तर लगेच निरक्षर ठरवू नका. मातृभाषेतला कागद पाहूनच ठरवा.

स्वल्पविराम:
व्याकरणाच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: पुस्तकाचा क्रम सोडा, व्याकरण सोडू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. सतरा वर्षांच्या मुलीकडे पाच वर्षे नाहीत. तेव्हा विषयाची भाषा पहिल्या आठवड्यापासूनच यायला हवी, आणि त्या आठवड्याच्या विषयाला जे व्याकरण लागेल तेच शिकवायचे.

बायॉलॉजीत ऑस्मॉसिस (पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी आतबाहेर जाणे) सुरू आहे असे धरू. दोन पेले घ्या, प्रत्येकात 250 मिली पाणी. एकात दोन मोठे चमचे मीठ विरघळवा, दुसरे पाणी साधे. बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे करा, पेन्सिलीएवढे जाड आणि बोटाएवढे लांब. वजन करून लिहून ठेवा, मगच पाण्यात टाका. शब्द फक्त आठ: वॉटर, सॉल्ट, इन, आउट, हेवी, लाइट, बिफोर, आफ्टर. प्रत्येक शब्दाला हाताची खूण किंवा प्रत्यक्ष वस्तू.

फळ्यावर तीन चौकटी:
‘बिफोर, द पोटॅटो वॉज ___ ग्रॅम्स.’
‘आफ्टर, इट वॉज ___ ग्रॅम्स.’
‘द पोटॅटो इज ___र बिकॉज वॉटर मूव्ह्ड ___.’

या तीन ओळींत भूतकाळ आला, तुलना आली, ‘बिकॉज’ आले. पुस्तकाच्या क्रमाने ‘बिकॉज’ गाठायला वसंत ऋतू उजाडेल. चौकट भरून झाली की ती जोडीदाराला वाचून दाखवायची, मग फळा पुसायचा आणि न पाहता सांगायची. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद यानंतर. शब्द ओळखीचे झालेले असतात, म्हणून त्यातली ओळ आता वाचता येते. परिच्छेद सोपा करून अर्ध्यावर आणू नका. मूळ वाक्ये ठेवा, मधे मथळे द्या, समासात चित्रे काढा, ओळींना क्रमांक घाला. सोप्या केलेल्या मजकुरात ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘ॲज अ रिझल्ट’ हेच जोडशब्द पहिल्यांदा गळतात, आणि विचार नेमके त्यांच्यातच असतात.

एक चूक हटकून होते. दुसरे वजन करण्यापूर्वी तुकडे टिपकागदाने पुसले नाहीत तर चिकटलेल्या पाण्यामुळे मिठातला बटाटाही जड झालेला दिसतो, आणि मुले शिकलेले वाक्य उलटे लिहितात.

याबरोबर प्रश्नपत्रिकेतली क्रियापदे पहिल्या पंधरवड्यातच घ्या: सर्कल, अंडरलाइन, लेबल, मॅच, लिस्ट, कम्पेअर, डिस्क्राइब, एक्स्प्लेन. उत्तर येत असूनही सूचना न कळल्यामुळे गुण जातात, आणि ते मला फार लागते. तुम्ही म्हणायचे, मुलांनी करायचे. दोन दिवसांनी मुलांनी म्हणायचे, तुम्ही करायचे. नवे शब्द एका तासाला आठ-दहाच्या वर नेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, मग तीन आठवड्यांनी ते पुन्हा समोर आणा. उजळणीविना चाळीस शब्द देण्यापेक्षा हे कधीही बरे.

मात्रावेलांटी:
त्या तिघांबद्दल. रोज 20 मिनिटे, वेगळ्या टेबलावर, बाकीचे स्वतःचे लेखन करत असताना. ए-बी-सीच्या क्रमाने जाऊ नका, आणि अक्षरांची नावेही आधी नकोत. एम, एस, ए, टी, पी, बी, यू, एल यांचे आवाज घ्या, लगेच जोडा: मॅप, पास, बस, लॅब. मग टेस्ट, डेस्क, लंच. हे शब्द त्यांच्या वेळापत्रकातले आहेत. बदके-ससे असलेली बालवाडीची पुस्तके सोळा वर्षांच्या मुलापुढे ठेवू नका. तो मान खाली घालतो आणि पुन्हा त्या टेबलावर यायला तयार होत नाही, मग पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असो.

दुसरे साधन फुकटचे आहे. मुलाने बोललेली दोन-तीन वाक्ये तुम्ही लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, आणि तीच त्याला वाचायला द्या. अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सगळे लक्ष अक्षरांवर राहते.

बाकीच्यांच्या अडचणी भाषेगणिक वेगळ्या निघतील:

स्पॅनिश मुलांची लिपी तीच, त्यामुळे ती वाचतात असे वाटते. पण स्वर स्पॅनिशचे लावतात. ‘आय’ अक्षराला नेहमी ई, म्हणजे ‘शिप’चे ‘शीप’. ‘स्कूल’चे ‘एस्कूल’. त्यावर उपाय म्हणजे स्स्स लांबवून मग ‘कूल’ जोडणे, आधी सावकाश, मग भरभर. याउलट शास्त्रातले शब्द त्यांना जवळचे वाटतात: ऑस्मॉसिसला ओस्मोसिस, मेंब्रेनला मेम्ब्राना. ही ओळख मुद्दाम दाखवून द्या. फसवे शब्दही सांगा. स्पॅनिशमधले ‘एक्सितो’ म्हणजे यश, बाहेर पडायचे दार नव्हे.

अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून बॅट, बिट, बेट तिन्ही शब्दांत मधला स्वर गळतो. ‘प’चा ‘ब’ होतो. ओठांपुढे कागदाची पट्टी धरा, ‘प’ला ती हलते, ‘ब’ला जवळजवळ नाही. दारीत ‘प’ आहे, तेव्हा या दोघांना तो सराव देऊन कंटाळवू नका.

हैतीयन क्रिओलचे लेखन उच्चाराप्रमाणे चालते. एका आवाजाला एक ठरलेली खूण, त्यामुळे इंग्रजीतली मूक अक्षरे तिला खटकतील. शिवाय ‘ए-एन’ ही जोडी क्रिओलमध्ये नाकातल्या स्वराची खूण आहे. ‘प्लॅन’मधला न ऐकू आला नाही तर कारण हे आहे, निष्काळजीपणा नव्हे.

आणि आपण मराठी माणसे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हीला बहुधा एकच व वापरतो. व्हेस्ट-वेस्ट शिकवताना ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू, हे आरशात पाहून पक्के करून मगच वर्गापुढे जा. मुले आपले ओठ पाहून शिकतात.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून दोन गोष्टी. प्रश्न विचारला की शांतताच पसरते, आणि शेवटी उत्तर मलाच द्यावे लागते. दुसरे म्हणजे फोनवरचे भाषांतर. अख्खा परिच्छेद त्यात घालतात आणि आलेले उतरवतात.

खडूफळा:
शांतता मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत निरीक्षण केले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब आणि चांगली आली. ती मुले तर इंग्रजीच बोलणारी होती. तुमची मुले प्रश्न ऐकतात, आपल्या भाषेत नेतात, उत्तर शोधतात आणि परत इंग्रजीत आणतात. मनात दहा अंक मोजा. तरीही शांत असतील तर उत्तर देऊ नका, प्रश्नाची पायरी खाली आणा: ‘व्हाय डिड इट चेंज?’ऐवजी ‘डिड वॉटर गो इन ऑर आउट?’, त्याहून खाली ‘पॉइंट टू द हेवी वन.’ बोट दाखवणे हेही उत्तर आहे. पहिले काही आठवडे काही मुले बोलत नाहीत पण सगळे ऐकत असतात, त्यांना बोलण्याची सक्ती नको.

भाषांतराच्या ॲपवर बंदी घालून उपयोग नाही, वापर ठरवून द्या. स्वतःचा विचार इंग्रजीत न्यायला किंवा एखादा शब्द पाहायला ॲप चालेल. धड्याचा परिच्छेद घालायला नाही. कारण मुलांना उदाहरणाने दाखवा. ‘सोल्यूशन’ बायॉलॉजीत द्रावण, अल्जिब्रात उत्तर. ‘टेबल’ म्हणजे आकड्यांचा तक्ता की जेवायचे मेज? ‘मीन’ म्हणजे सरासरी, की ‘म्हणजे’, की दुष्ट? सुटा शब्द घातला तर ॲप कुठलाही अर्थ देते.

मातृभाषेचे माझे सूत्र असे: विचार करताना एकाच भाषेची जोडी, सांगताना मिश्र गट. अरबी मुलांनी आपसांत बटाटा का आकसला ते ठरवावे, मग स्पॅनिश मुलांना ते इंग्रजीत सांगावे. ऐकणाऱ्याला दुसरी भाषा येत नसली की इंग्रजी आपोआप लागते. क्रिओल बोलणारी एकटीच असेल तर तिला आधी दोन मिनिटे स्वतःच्या भाषेत लिहू द्या.

दस्तुरखुद्द:
शिकवण्याबाहेरचे, पण तितकेच महत्त्वाचे. 19 वर्षांच्या मुलाकडे हायस्कूल पूर्ण करायला लागणारी किती क्रेडिट आहेत ते आज समुपदेशकाला विचारा. मायदेशातल्या गुणपत्रिकेचे मूल्यमापन झालेले नसेल तर त्याला अनेकदा नववीत पहिल्यापासून बसवलेले असते. शाळेत राहण्याची वयोमर्यादा राज्यागणिक वेगळी, बऱ्याच ठिकाणी 21; तेव्हा त्याचे गणित महिन्यांत मांडा.

मूल इंग्रजीच्या कार्यक्रमात घातल्याचे पालकांना शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत कळवायचे असते, मधेच दाखल झाले तर दोन आठवड्यांत, आणि शक्य तिथवर त्यांना समजेल अशा भाषेत. पालकसभेत भावंडाला दुभाषी करू नका. नापास झाल्याची बातमी लहान बहिणीच्या तोंडून जाऊ नये. स्थलांतराची कागदपत्रे कुणाकडेही मागू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने ती नसली तरी शाळेचा हक्क शाबूत आहे. आणि त्याच न्यायालयाच्या 1974च्या लाऊ विरुद्ध निकोल्स निकालानुसार इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला तेच पुस्तक आणि तोच वर्ग देऊन शाळेची जबाबदारी संपत नाही. बायॉलॉजीच्या शिक्षकांना हे सांगायला संकोचू नका. सोबत स्वल्पविराम यांच्या त्या तीन चौकटीही द्या, म्हणजे बोलणे तक्रारीवर थांबणार नाही.

पाटीपेन्सिल:
क्रेडिटचे उद्याच विचारते. सोमवारी ऑस्मॉसिस घेते आहे. तुकडे सकाळीच कापून ठेवले तर चालतील ना?

स्वल्पविराम:
नको. कापून ठेवलेले तुकडे हवेत सुकतात आणि पहिले वजनच कमी येते. तासाच्या सुरुवातीला कापा, प्रत्येक पेल्यासाठी तीन तुकडे एकत्र तोला, कारण एका तुकड्यातला फरक साध्या काट्यावर दिसत नाही. 85 मिनिटांपैकी 40 मिनिटे पाण्यात मिळाली तरी मिठातले मऊ पडलेले हाताला कळतात. ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ हे दोन शब्द मात्र आठांत वाढवा, मुले पहिल्यांदा तेच सांगू पाहतात.