जुन्या दवाखान्याच्या बाटल्या: लेबलं काढावीत का?

नौपाडाकर: ठाण्यातल्या एका बंद दवाखान्यातल्या तीसेक बाटल्या मिळाल्यात. कागदी लेबलांच्या कडा सुटल्यात, थोडी कसरही लागलीय. लेबलं काढून फ्रेम करायची आहेत. पाण्यात बुडवली तर चालेल? खरी जुनी कोणती ते कसं ओळखायचं?

काचपेटी, वाशी: दादा, धड बाटलीवरचं लेबल काढूच नका. फ्रेमसाठी सुटी, न वापरलेली लेबलं घ्या. सुटलेल्या कडेखाली गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ बारीक ब्रशने सारा, वर बटर पेपर ठेवून सुती पट्टी बांधा आणि रात्रभर राहू द्या. फेविकॉल नंतर पाण्याने सुटत नाही. सेलोटेपचा चिकटा कागदात मुरून पिवळा डाग पडतो.

बाटली फुटकी असेल तरच काढा. आधी ओला कापूस शाईच्या कोपऱ्याला टेकवून बघा. हाताने लिहिलेली जांभळी शाई बहुतेक वेळा फुटतेच, तिथे थांबा. छापील काळी टिकली, तर कोमट पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा. डिंक फुगला की लेबल आपोआप सरकतं, नखाने ओढलं की कागदाचा वरचा थर सोलून निघतो. मग टिपकागदात दाबून दोन दिवस.

लॅमिनेशन नको. फ्रेममध्ये माउंट (कागद आणि काचेमध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घाला, कागद काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगूच नका.

मिक्श्चरच्या (पातळ औषधाच्या) बाटलीवर खाचा कापलेली, एका वेळी किती घ्यायचं ते दाखवणारी कागदी डोस-पट्टी असेल तर ती जिवापाड जपा. औषध संपलं की बाटली धुतली जायची, म्हणून या पट्ट्या फारशा उरल्या नाहीत.

जुनीछपाई: पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ आधीची. ड्रॅम, मिनिम (औषधाची जुनी इंग्रजी मापं) मात्र जपून वाचा: मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि छापून ठेवलेला साठा पुढेही वापरला गेला.

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर घ्यायला जाताना दहापट भिंग न्या. खिळेछपाईत (धातूचे खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत) अक्षराच्या कडेला शाईची गडद रेघ दिसते, इंकजेटमध्ये रंगीत ठिपके. जुना भासवायला चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो.

नौपाडाकर: चार बाटल्यांत पावडर शिल्लक आहे. एक पिवळी.

काचपेटी, वाशी: ती पिवळी हलवू नका, बूचही फिरवू नका! लेबल हात न लावता वाचा. पूर्वी भाजल्यावर पिक्रिक ॲसिड लावत. ते सुकलं की घर्षणानेही स्फोट होतो. तेच असेल, किंवा लेबल वाचता येत नसेल, तर खोली बंद करून १०१ ला कळवा. बाकीच्या तीन बेसिनमध्ये ओतू नका, पाऱ्याचं औषध किंवा सोमल (आर्सेनिक) असू शकतं. घातक कचऱ्याचं केंद्र तळोज्यात आहे. तिथे कसं पोचवायचं ते महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा.