शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक सभासदाला उत्तरच देत नाहीत. कुठे आणि काय लिहायचं?

प्रश्न: सोयाबीन_औसा

राम राम मंडळी. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आईच्या नावावर शेअर आहेत. १,००० रुपये भरल्याची पावती आहे, पण शेअर सर्टिफिकेट अजून हातात पडलेलं नाही. कंपनी सोयाबीन आणि तूर घेते, हंगामात हमीभावाचं केंद्र चालवते. अनुदानातून चाळणी-प्रतवारीचं युनिट आणि गोदाम उभं राहिलंय. एवढं सगळं असून वार्षिक सभेची नोटीस घरी आलेली नाही, ताळेबंद दाखवलेला नाही, परतावा नाही की बोनस नाही.

सीईओंना विचारलं तर "अध्यक्षांशी बोला". अध्यक्ष म्हणतात "कागद सीएंकडे आहेत". सीए म्हणतात "मी कंपनीला बांधील आहे, सभासदाला नाही". व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं. भांडण करायची इच्छा नाही. मोंढ्यातल्या आडतीला काहीतरी पर्याय म्हणून ही कंपनी टिकावी असंच वाटतं. पण पैसा शेतकऱ्यांचा आहे, हिशेब कळायला हवा. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यावा, की सेबीच्या पोर्टलवर तक्रार करावी?

उत्तर: कंपनी_कायदा_लातूर

दोन्हीकडे नको. सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक यांचा अधिकार सहकारी संस्थांवर. सोसायटी, पतसंस्था, बाजार समिती त्यांच्याकडे येतात. उत्पादक कंपनी कंपनी कायदा २०१३ खाली नोंदलेली असते, त्यातलं प्रकरण २१-ए, कलम ३७८-ए पासून पुढे. तिथे दिलेला अर्ज "आमच्या कार्यक्षेत्रात नाही" असा शेरा मारून परत येतो. सेबीचं स्कोअर्स पोर्टल शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांसाठी आहे. तुमच्या कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, बघा. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. उत्पादक कंपन्यांचं 'यू' असतं. तुमची तक्रार जाते कंपनी निबंधकांकडे, म्हणजे आरओसीकडे.

पत्र लिहायच्या आधी एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून मास्टर डेटा काढा. फुकट आहे, लॉगिन तेवढं करावं लागतं. नोंदणीकृत पत्ता, ईमेल, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, कंपनी चालू आहे की 'स्ट्राइक ऑफ' झाली (नोंदणीतून काढली गेली), हे सगळं तिथे दिसतं. सभा झाल्याची तारीख तिथे नोंदलेली आहे आणि गावात कुणालाच नोटीस मिळालेली नाही, असं निघालं तर तो तुमचा सर्वांत मोठा मुद्दा.

मग १०० रुपये भरून त्या कंपनीचे दाखल कागद उघडा. भरल्यावर तीन तास पाहता येतात, तेवढ्यात सगळं उतरवून घ्या. तीन कागद महत्त्वाचे. एओसी-४ सोबत ताळेबंद असतो. एमजीटी-७ सोबत भागधारकांची यादी असते. पीएएस-३ सोबत कुणाला किती शेअर दिले त्याची यादी असते. आईचं नाव या याद्यांत आहे का ते आधी तपासा. नाव नसेल आणि ताळेबंदात 'शेअर अ‍ॅप्लिकेशन मनी' म्हणून रक्कम पडून असेल, तर पैसे घेतलेत पण शेअर वाटलेच नाहीत. मग मागणी सर्टिफिकेटची करून उपयोग नाही, आधी वाटपाची करावी लागेल. वाटप झालेलं असेल तर कलम ५६ प्रमाणे दोन महिन्यांत सर्टिफिकेट देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

सलग तीन वर्षांचे कागद दाखलच झाले नसतील तर तेही लिहून ठेवा. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी चढते आणि ती शेवटी सभासदांच्याच भांडवलातून जाते.

उत्तर: गोदाम_पावती

वरचं सगळं बरोबर. पत्राबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. "हिशेब द्या" असं लिहिलं की संचालक मंडळ "हिशेब व्यवस्थित आहेत" असं तोंडी सांगून मोकळं होतं. कागदाचं नाव, वर्ष आणि कलम लिहून मागितलं तर तसं सांगून भागत नाही.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे पत्र आईच्या नावानं आणि आईच्या सहीनं जायला हवं. सभासद त्या आहेत. तुमच्या नावानं गेलेल्या पत्राला उत्तर न देण्याचं कारण कंपनीला आयतं मिळतं. धावपळ तुम्हीच करणार असाल तर सोबत आईचं अधिकारपत्र जोडा. कायद्यात सभासद किंवा त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती, दोघांचाही उल्लेख आहे.

मजकूर साधारण असा ठेवा:

"मी आपल्या कंपनीची सभासद असून पावती क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये १,००० रुपये भरले आहेत. कृपया पुढील कागद द्यावेत. (१) मागील तीन आर्थिक वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रके. (२) त्याच वर्षांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या नोटिसा आणि मला नोटीस पाठवल्याचा पुरावा. (३) त्या सभांच्या इतिवृत्ताच्या प्रती, कलम ११९ प्रमाणे; प्रतीची फी भरण्यास तयार आहे. (४) सभासद नोंदवहीतील माझ्या नावाची नोंद व शेअर सर्टिफिकेट. (५) संचालक किंवा त्यांचे नातेवाईक यांना दिलेली उचल अथवा कर्जे आणि त्यास सर्वसाधारण सभेने मंजुरी दिल्याचा ठराव. (६) रोखून ठेवलेली मालाची रक्कम, भांडवलावरील मर्यादित परतावा व पॅट्रोनेज बोनस यांबाबत झालेले ठराव."

तिसऱ्या मुद्द्याला मुदत आहे. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त सभासदाला कामकाजाच्या वेळेत फुकट पाहता येतं, आणि प्रत मागितली तर सात कामकाजी दिवसांत द्यावी लागते. फी पानाला जास्तीत जास्त १० रुपये. पाचवा मुद्दा कलम ३७८-झेडके वरून. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. हंगामात गाड्या भरायच्या घाईत दिलेली उचल तशीच उभी राहते, आणि सभा टाळण्याचं खरं कारण कित्येकदा तेच असतं. सहाव्यात 'डिव्हिडंड' हा शब्द घालू नका. उत्पादक कंपनीत परतावा, रोखलेली रक्कम आणि बोनस हे तीन वेगळे आहेत. परतावा भरलेल्या भांडवलावर, रोखलेली रक्कम म्हणजे मालाच्या किमतीतला मागे ठेवलेला भाग, आणि पॅट्रोनेज बोनस माल किती घातला त्यावर ठरतो. आईच्या किंवा तुमच्या घरच्या मालाच्या मापाच्या पावत्या सांभाळून ठेवा.

पत्र नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर 'रजिस्टर एडी' ऐवजी स्पीड पोस्टासोबत पोचपावती मागा. मास्टर डेटावरच्या ईमेलवरही तेच पत्र स्कॅन करून टाका. पाकीट "पत्त्यावर कुणी नाही" म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. नोंदणीकृत कार्यालयात पत्र स्वीकारलं जायलाच हवं, हे कलम १२ सांगतं, आणि निबंधक त्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करू शकतात. अध्यक्षांच्या घराचा पत्ता कार्यालय म्हणून दिलेला आणि बाहेर पाटीसुद्धा नाही, अशा कंपन्यांत हे बंद पाकीट फार कामाला येतं.

उत्तर: निलंगा_तूर

कलम ३७८-झेडएम पण लिहा की पत्रात. सभासदानं मागितलेली माहिती संचालक किंवा अधिकाऱ्यानं जाणूनबुजून दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या पाच टक्के दंड. वार्षिक सभा घेतली नाही तर एक लाखापर्यंत वेगळा दंड. हे वाचल्यावर उत्तर येतं.

उत्तर: कंपनी_कायदा_लातूर

कलम बरोबर आहे, पण पहिल्याच पत्रात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "जाणूनबुजून" सिद्ध व्हायला आधी साधी, सभ्य मागणी आणि तिला न मिळालेलं उत्तर कागदावर यायला हवं. पहिल्या पत्रात कैदेची भाषा आली की संचालक वकिलाकडे जातात आणि पुढचा पत्रव्यवहार वकिलाच्या भाषेत सुरू होतो. पहिलं पत्र वर दिलंय तसं. पंधरा दिवस थांबून दुसरं, त्यात पहिल्याचा संदर्भ, पोचपावतीची तारीख आणि मग ३७८-झेडएम.

अजून एक मर्यादा सांगतो. कॅशबुक, व्हाउचर, बँकेचं पासबुक आणि संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त हे सामान्य सभासदाला हक्कानं उघडून बघता येत नाही. तिथे हट्ट धरला तर बाकीच्या रास्त मागण्याही "सभासद त्रास देतोय" या नावाखाली बाजूला पडतात. वही मागू नका, माहिती मागा: "गोदामावर एकूण खर्च किती, अनुदान किती, बँकेचं कर्ज किती".

दुसऱ्या पत्रालाही उत्तर नाही तर एमसीएच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. एसआरएन क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. सोबत दोन्ही पत्रं, पोचपावत्या, पैसे भरल्याची पावती आणि मास्टर डेटाचं पान. तक्रारीत कलम २०६ चा उल्लेख करा. गुंतवणूकदारांच्या तक्रारींकडे कंपनी लक्ष देत नसेल तर निबंधकांना माहिती मागवण्याचा आणि चौकशीचा अधिकार त्यात आहे. "भ्रष्टाचार झालाय" असं मोघम लिहिलेली तक्रार रेंगाळते. "अमुक वर्षाची सभा झाल्याचं दाखवलंय, नोटीस मिळालेली नाही, इतिवृत्त मागूनही दिलं नाही" या तक्रारीवर कंपनीला कागदानंच उत्तर द्यावं लागतं.

सोयाबीन_औसा

खूप उपयोगी. मास्टर डेटा पाहिला. शेवटची वार्षिक सभा २०२३ मधली दाखवतेय, त्यानंतर काही नाही. विचारलं तर अतिवृष्टीचं कारण सांगतात. आणि अनुदानाची माहिती कंपनीबाहेरून मिळू शकते का?

उत्तर: गोदाम_पावती

दोन वार्षिक सभांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. निबंधक खास कारणासाठी तीन महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकतात, पण ती मागावी लागते. तशी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत मागा. कलम ३७८-क्यू प्रमाणे सभा कायद्यानुसार बोलावली नाही तर संचालकाचं पद रिकामं होतं, आणि नैसर्गिक आपत्ती हा त्याला अपवाद आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी भोगलंय, त्या वर्षीच्या उशिराला ते कारण पटण्यासारखं आहे. २०२४ च्या सभेला ते लावता येत नाही. पत्रात वर्षं वेगवेगळी लिहा.

अनुदानाचं म्हणाल तर ज्या खात्यातून पैसे आले तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा. कंपनी स्वतः माहिती अधिकारात येत नसली तरी कृषी खात्याकडचे कागद येतात. राज्याच्या 'स्मार्ट' किंवा 'पोकरा' या कृषी प्रकल्पांतून काम झालं असेल तर जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) किंवा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयापासून सुरुवात करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. मागा: मंजुरी आदेश, प्रकल्प अहवाल, हप्ते दिल्याच्या तारखा, मोका तपासणीचा अहवाल, कंपनीनं दिलेलं उपयोगिता प्रमाणपत्र. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

कंपनी केंद्राच्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेतली असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. त्या योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान मिळतं. ते आलं का, आणि त्यापोटी सभासदांच्या नावे शेअर चढले का?

उत्तर: निलंगा_तूर

एकट्याचं पत्र आणि दहा जणांची दहा पत्रं यात फरक पडतोच. उत्पादक कंपनीत एक सभासद एक मत असतं, शेअर कितीही असोत. विशेष सभा बोलवायला मतदानाचा हक्क असलेल्या एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात. ६०० सभासद असतील तर २००. सह्यांच्या कागदावर विषय आधी लिहा, सह्या नंतर घ्या. कोऱ्या कागदावरच्या सह्या पुढे "आम्हाला विषयच सांगितला नव्हता" म्हणून गळतात. प्रत्येक सहीसमोर गाव आणि सभासद क्रमांक हवा, आणि नाव एमजीटी-७ च्या यादीत आहे ना ते ताडून घ्या. यादीत नसलेल्यांच्या सह्या मोजल्या जात नाहीत.

सभेच्या गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात, म्हणजे वरच्या हिशेबानं १५०. म्हणून सोयाबीनच्या काढणीत सभेची मागणी लावू नका, माणसं येणार नाहीत आणि सभा फसेल.

उत्तर: कंपनी_कायदा_लातूर

एवढ्या सह्या जमल्या नाहीत तरी एक रस्ता उरतो. वार्षिक सभा चुकली असेल तर कलम ९७ प्रमाणे एकटा सभासदही राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे सभा बोलावण्याचा आदेश मागू शकतो. महाराष्ट्रासाठी ते मुंबईला आहे. वकिलाची फी आणि येण्या-जाण्याचा खर्च १,००० रुपयांच्या शेअरपेक्षा कितीतरी जास्त होतो, त्यामुळे चार गावांतल्या सभासदांनी मिळून करायचं काम आहे ते. त्याआधी कंपनीला एकदा लवाद किंवा समेटासाठी लेखी विचारा. उत्पादक कंपनीच्या कारभारातले सभासद आणि संचालकांमधले वाद तसे सोडवायची तरतूद कलम ३७८-झेडओ मध्येच आहे, आणि दोघांनीही त्याला लेखी संमती दिलीय असंच कायदा धरतो.

आईचं वारस नामनिर्देशन झालंय का तेही याच पत्रात विचारून घ्या. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत ते करायचं असतं, आणि पैसे भरताना तो फॉर्म बहुतेक ठिकाणी भरूनच घेतलेला नसतो.