मदत हवी आहे: यो-योचा बाइंड घसरतो

माझा यो-यो अनरिस्पॉन्सिव्ह, म्हणजे नुसत्या झटक्याने हातात परत न येणारा; उजव्या हाताने फेकते. ट्रॅपीझवरून (फिरता यो-यो दोरीवर झेललेला असताना) बाइंड करताना, म्हणजे दोरीचा फास यो-योच्या फटीत घालून तो हातात परत आणताना, यो-यो जोरात फिरत असेल तर दोरी नुसती घसरते. वेग ओसरला की तोच बाइंड पक्का बसतो! फटीत दोरी पकडणारे दोन्ही बाजूंचे सिलिकॉन पॅड बदलले, बेअरिंग साफ केलं, पॉलिस्टरची नवी दोरी घातली. दोरीचा पीळही दर वेळी मोकळा करते. बाइंडचा फास लांब ठेवला तर पकड येते, पण दोरी सैल गुंडाळली जाते आणि पुढच्या फेकीला गाठ बसते. जाड दोरी नको, दोरीचे थर वाढले की फटीत अडकते. वेगातल्या बाइंडला तुम्ही फास केवढा ठेवता आणि बोटावरून नेमका कधी सोडता?