फाइल परत आली, पण मजकूर 'कचरा' दिसतो

डिस्कवरून परत मिळवलेल्या वर्ड फाइलीतलं मराठी वाचता येत नाही, या प्रश्नावर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवण्याचा सल्ला आला आहे. आधी ते थांबवा. दुरुस्ती करताना चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहितं, त्यामुळे परत मिळू शकणाऱ्या फाइलीही जाऊ शकतात. आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर करा.

पण वर्ड फाइल उघडते, इंग्रजी परिच्छेद नीट आहेत आणि फक्त मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी आहे, तर ती बहुधा खराब झालेली नाहीच. युनिकोडपूर्व काळातले, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र कोड मिळण्याआधीचे, शिवाजी, श्रीलिपी वगैरे फॉन्ट रोमन (इंग्रजी) अक्षरांच्या कोडच्या जागीच देवनागरी आकार बसवत. त्या मजकुरात कर्सर ठेवून फॉन्टचं नाव वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं. म्हणूनच फाइल साध्या टेक्स्ट (.txt) स्वरूपात सेव्ह करू नका. ते नाव पुसलं जातं, इंग्रजी-मराठी एकत्र कालवलं जातं, आणि मग सोडवत बसा! वर्डचं ऑटोकरेक्टही (आपोआप दुरुस्ती) बंद हवं, ते अवतरणचिन्हं बदलतं आणि अक्षर बिघडतं.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर नेमका त्याच फॉन्टचा घ्या. 'धार्मिक', 'तऱ्हा', 'किल्ल्यात' असे शब्द आधी तपासा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'ऱ्ह'मधला अर्धा र तिथेच चुकतात.