मदत हवी आहे: संगणक हार्डवेअर डिझाइनच्या अभ्यासक्रमात नेमके काय अपेक्षित असते?

नमस्कार. पुढील सत्रासाठी संगणक हार्डवेअर डिझाइन हा ऐच्छिक विषय घेण्याचा माझा विचार आहे. ज्यांनी हा विषय शिकला किंवा शिकवला आहे, त्यांचे मार्गदर्शन नोंदणीपूर्वी मिळावे, ही विनंती. माझा पाया प्रोग्रॅमिंगचा आहे. सी आणि पायथन चांगल्या येतात, द्विमान संख्या आणि लॉजिक गेट यांची ओळख आहे; परंतु इलेक्ट्रॉनिक्स मी शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडे शिकलेलो नाही. माहितीपत्रकात कॉम्बिनेशनल व सिक्वेन्शियल लॉजिक, स्टेट मशीन, व्हेरिलॉग (हार्डवेअरचे वर्णन करणारी भाषा), पाइपलाइन असलेला (एकाच वेळी अनेक सूचना वेगवेगळ्या टप्प्यांत हाताळणारा) प्रोसेसर आणि शेवटी एफपीजीए (हवे ते मंडल भरता येणारी चिप) बोर्डावरचा प्रकल्प असे घटक दिले आहेत. त्यावरून काय शिकवणार हे कळते, पण अडते कुठे आणि वेळ कशात जातो हे कळत नाही.

व्हेरिलॉग वरवर पाहता सीसारखीच दिसते. मग सी येणाऱ्याला ती सोपी जाते, की तीच सवय आड येते? ट्रान्झिस्टर आणि विद्युत मंडलांचे गणित कितपत लागते? बोर्ड स्वतः विकत घ्यावा लागतो का? प्रोसेसर एखादी सूचना कशी अमलात आणतो हे आतून समजून घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे, त्यामुळे विषय कठीण आहे एवढ्यावरून मी तो सोडणार नाही. मात्र कशाला तोंड द्यायचे आहे हे आधी कळले, तर तयारी त्या दिशेने करता येईल.

प्रतिसाद १

तुमचा व्हेरिलॉगविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सीचा उपयोग व्याकरणापुरता होतो. विचाराची सवय मात्र बदलावी लागते, कारण सीमध्ये तुम्ही एकामागून एक करायच्या कृती लिहिता, तर व्हेरिलॉगमध्ये ज्याचे सगळे भाग एकाच वेळी काम करत असतात अशा मंडलाचे वर्णन करता. ‘अ’मध्ये ‘ब’ची किंमत आणि ‘ब’मध्ये ‘अ’ची किंमत ठेवणारी दोन विधाने सीमध्ये लागोपाठ लिहिली, तर दोन्हींत ‘ब’चीच जुनी किंमत उरते. हीच विधाने व्हेरिलॉगमध्ये क्लॉकच्या (ठरावीक लयीत वर-खाली होणाऱ्या सिग्नलच्या) कडेवर, नॉन-ब्लॉकिंग (एकमेकांसाठी न थांबणाऱ्या) पद्धतीने लिहिली, तर तिसऱ्या चलाशिवाय किमतींची अदलाबदल होते, कारण कड येताच दोन्ही रजिस्टर (किंमत साठवणारे घटक) आपापल्या इनपुटवरची त्या क्षणाची किंमत एकदमच पकडतात. तसेच, आठ फेऱ्यांच्या फॉर लूपमधून सिंथेसिसनंतर (वर्णनाचे गेटमध्ये रूपांतर झाल्यावर) आठदा चालणारी कृती मिळत नाही. त्या मंडलाच्या आठ प्रती तयार होतात. कॉम्बिनेशनल भागात (जिथे आउटपुट फक्त चालू इनपुटवर ठरते) इफला एल्स द्यायचे राहिले, तर जुनी किंमत धरून ठेवणारा, नको असलेला लॅच तयार होऊ शकतो. म्हणून माझा आग्रह असा की आधी कागदावर रजिस्टर, मल्टिप्लेक्सर (अनेक इनपुटांतून एक निवडणारा) आणि ॲडर (बेरीज करणारा) काढावेत आणि जे काढता येत नाही ते लिहूच नये.

दुसरा नवा विषय वेळेचा. १०० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकच्या दोन चढत्या कडांमध्ये १० नॅनोसेकंदांचे अंतर असते, आणि एका रजिस्टरमधून निघालेला सिग्नल मधली सगळी गेट ओलांडून, सेटअपचा अवधी (कडेआधी सिग्नल स्थिर असण्याचा वेळ) राखून, तेवढ्यात पुढच्या रजिस्टरपर्यंत पोहोचावा लागतो. ३२ बिटांच्या साध्या ॲडरमध्ये हातचा एकेका बिटातून पुढे सरकत जातो. बेरीज बरोबर असते, पण ती उशिरा तयार होते. उत्तर बरोबर असूनही डिझाइन चुकीचे ठरते, हे प्रोग्रॅमिंगमधून आलेल्या विद्यार्थ्याला पचायला वेळ लागतो. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये हा दोष दिसतही नाही, त्यामुळे सिंथेसिस आणि मांडणीनंतर येणारा टायमिंगचा अहवाल वाचायला शिकणे, हे माझ्या मते या विषयातले खरे कौशल्य आहे.

सर्वाधिक वेळ मात्र पडताळणीत जातो. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या ठरवल्या, तर सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासूनही सुमारे ५८५ वर्षे लागतील. म्हणून कोणत्या जोड्या निवडायच्या हाच टेस्टबेंच (डिझाइनला इनपुट देऊन उत्तरे तपासणारा कोड) लिहिणाऱ्याचा प्रश्न असतो. १९९४ साली इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकारासाठीच्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्याने मोजक्या संख्यांची उत्तरे चुकत होती, आणि त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तयार झालेल्या चिपमधील मंडल प्रोग्रॅमसारखे दुरुस्त करता येत नाही. तुमच्या प्रकल्पातही टेस्टबेंच मूळ डिझाइनपेक्षा लांब झाला, तर त्यात वावगे काही नाही.

ट्रान्झिस्टरची फार चिंता करू नका. अशा अभ्यासक्रमांत सहसा सीमॉस (दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीचे) गेट कसे बनते आणि त्याला विलंब का लागतो, एवढ्यावर भागते. बोर्डाविषयी तुमच्या विभागात विचारून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी तो प्रयोगशाळेत मिळतो. सरावासाठी आयकारस व्हेरिलॉग (सिम्युलेटर) आणि वेव्हफॉर्म (सिग्नलचा वेळेनुसार आलेख) पाहण्यासाठी जीटीकेवेव्ह ही मोफत साधने पुरेशी आहेत.

धागाकर्ता

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पाइपलाइनविषयी एक शंका उरते: पाच टप्प्यांचा प्रोसेसर एका सत्रात खरोखर पूर्ण होतो का?

प्रतिसाद २

होतो, परंतु टप्पे जोडणे हा त्यातला सोपा भाग आहे. कठीण भाग पुढे येतो: एका सूचनेचे उत्तर रजिस्टरमध्ये लिहिले जाण्याआधीच पुढच्या सूचनेला ते हवे असते. तेव्हा ते मधल्या टप्प्यातूनच पुढे पोहोचवावे लागते, आणि मेमरीतून येणारी किंमत लगेच हवी असेल तर पाइपलाइन एक क्लॉक थांबवावीही लागते. म्हणून आधी प्रत्येक सूचना एकाच क्लॉकमध्ये पूर्ण करणारा प्रोसेसर बनवा, त्यावर चाचण्या लिहा आणि मगच त्याचे टप्पे पाडा. त्याच चाचण्या दोन्हींना चालतात. सूचनासंच निवडण्याची मुभा असेल, तर २०१० साली बर्कली येथे सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हचा ३२ बिटांचा मूळ संच घ्या. त्यात सुमारे ४० सूचना आहेत आणि त्याचे तपशील सर्वांसाठी खुले आहेत. सत्र सुरू होण्यापूर्वी चार बिटांचा काउंटर कागदावर काढा, त्याचा वेव्हफॉर्म हाताने रेखा आणि मग सिम्युलेशनशी पडताळून पाहा. रीसेट क्लॉकच्या कडेच्या आधी आणि नंतर सोडून पाहायला विसरू नका.