घरी बांधलेला रिपीटर: प्रक्षेपण सुरू होताच रिसीव्हर बहिरा होतो

सावित्रीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी महाड तालुक्यात राहतो आणि हौशी रेडिओचा परवानाधारक (हॅम) आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले आणि तळिये येथे दरड कोसळली, त्या दिवसांत वीज, रस्ते आणि मोबाइल एकाच वेळी बंद पडले होते. माझ्या हातात ५ वॅटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) होता, पण मध्ये डोंगराची एक सोंड आली की पलीकडच्या खोऱ्यातील हॅम मित्राचा आवाज येत नसे. तेव्हापासून आमच्या भागासाठी २ मीटर पट्ट्यावर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपास) एक रिपीटर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेला आवाज त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, असावा, ही गोष्ट मी मनावर घेतली आहे.

व्यावसायिक वापरातून निवृत्त झालेले दोन जुने, गाडीत बसवायचे रेडिओ सेट मी घेतले. एक १४४.६०० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि दुसरा १४५.२०० वर २५ वॅटने बोलतो. मधले नियंत्रण अर्डुइनो या छोट्या संगणक-पाटीवर केले आहे. त्यात तीन मिनिटांची वेळमर्यादा आणि मोर्समधील ओळख आहे. ऐकायला आणि बोलायला एकच अँटेना वापरता यावा म्हणून डुप्लेक्सर, म्हणजे दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर, लागतो; ऑनलाइन मिळणारा तसा लहान, चपटा मी आणला. परवानगीसाठी क्लबने अर्ज केला असून तोपर्यंत सर्व चाचण्या डमी लोडवरच (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधावर) चालल्या आहेत. शेजारच्या इमारतीतून हँडीवर कमी शक्तीने बोलले की रिसीव्हर उघडतो, ट्रान्समीटर सुरू होतो आणि त्याच क्षणी मूळ आवाज खरखरीत बुडून जातो. मग ट्रान्समीटर बंद होतो, रिसीव्हर पुन्हा उघडतो आणि हे चक्र चालू राहते. शक्ती ५ वॅटवर आणली तरी फारसा फरक पडला नाही. चूक कोठे असावी?

दोन मीटरवाला

आपण डमी लोडवर चाचणी केलीत हे फार उपयोगी ठरले, कारण त्यामुळे अँटेना, केबल आणि मनोऱ्यावरील गंजलेले सांधे हे तिन्ही संशयित आपोआप सुटले. दोष डुप्लेक्सरचा आहे. तो खराब निघाला असे नव्हे, तर तो या कामासाठी बनलेलाच नाही. असे चपटे डुप्लेक्सर व्यावसायिक पट्ट्यांसाठी असतात, जेथे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत साधारण ५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक अंतर असते. आपले अंतर ६०० किलोहर्ट्झ आहे. एवढ्या जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणे त्याच्या लहान पोकळ्यांना जमत नाही.

हिशेब एकदा मांडून पाहावा. १० वॅट म्हणजे ४० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) आणि चांगला रिसीव्हर ऐकतो तो सर्वांत क्षीण संकेत सुमारे उणे १२० डीबीएम. दोहोंत १६० डेसिबलचे अंतर आहे. त्यांपैकी ७० ते ८० डेसिबल रिसीव्हरची स्वतःची निवडक्षमता सांभाळते, तर उरलेले ८० ते ९० डेसिबल आपल्याला बाहेरून उभे करावे लागतात. शिवाय ट्रान्समीटरचा गोंगाट नेमक्या ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवरही सांडत असतो आणि तो रिसीव्हरच्या बाजूच्या कोणत्याही फिल्टरने अडत नाही. तो ट्रान्समीटरच्या बाजूलाच अडवावा लागतो. म्हणूनच शक्ती २५ वरून ५ वॅटवर आणून मिळालेले ७ डेसिबल आपल्याला जाणवलेसुद्धा नाहीत.

रूढ उपाय म्हणजे सहा कॅव्हिटींचा (फिल्टरचे काम करणाऱ्या पोकळ धातूच्या डब्यांचा) डुप्लेक्सर, प्रत्येक बाजूला तीन. १४५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे ५२ सेंटिमीटर भरते, त्यामुळे प्रत्येक डबा अर्ध्या मीटरहून थोडा उंच होतो. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या रुंद नळीतून असे डबे घरी बनवणारे हॅम आहेत आणि मीही दोन बनवले आहेत. त्यांत सर्वांत त्रास ट्यूनिंगच्या दांड्याने दिला. तांब्याची दांडी दुपारच्या उन्हात लांबते आणि सकाळी साधलेली खाच (डबा जी फ्रिक्वेन्सी अडवतो ती जागा) सरकते, म्हणून ही दांडी इन्व्हार या मिश्रधातूची असावी. मोजमापासाठी नॅनोव्हीएनए हे फिल्टर मोजणारे छोटे उपकरण पुरेल, मात्र प्रत्येक डबा सुटा मोजावा, कारण त्या उपकरणाची पोच साधारण ७० डेसिबलपर्यंतच असल्याने तिन्ही डब्यांची एकत्रित खाच गोंगाटातच दडते.

मनोरा उंच उभारता येत असेल, तर मला याहून सोपा वाटणारा एक मार्ग आहे. दोन अँटेना एकाच खांबावर, एक बरोबर दुसऱ्याच्या वर, अशा बसवाव्यात. उभ्या अंतरातून मिळणारे विलगीकरण (एका अँटेनाचा संकेत दुसऱ्यापर्यंत किती डेसिबलने घटतो ते) म्हणजे २८ अधिक, तरंगलांबीत मोजलेल्या अंतराच्या लॉगॅरिदमची ४० पट. १४ मीटर अंतर ठेवले की सुमारे ६० डेसिबल मिळतात. प्रत्यक्षात थोडे कमीच धरावेत. हेच ६० डेसिबल आडव्या अंतराने मिळवायचे झाल्यास दोन अँटेनांमध्ये १६० मीटरहून अधिक जागा लागेल. उभ्या मांडणीला प्रत्येक केबलमध्ये एकेका कॅव्हिटीची जोड दिली की प्रत्येकी २५ ते ३० डेसिबलची भर पडते. अशा रीतीने सहाऐवजी दोन डब्यांत काम भागते. हे दोन डबे आपण आपल्या हातांनी बनवावेत, असा माझा आग्रह आहे.

घाटमाथा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त जागा आणि वीज यांविषयी भर घालतो. रेडिओच्या क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये म्हणजे मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाची साधारण ४.१२ पट. खालच्या प्रदेशापेक्षा ८०० मीटर उंच माथ्यावरून ते ११५ किलोमीटरच्या पुढे जाते, तर सपाट जमिनीवर उभ्या दोन माणसांच्या हँडींमध्ये ते जेमतेम १० किलोमीटर भरते. म्हणून २५ वॅटचा मोह सोडून १० वॅटवर समाधान मानावे. सेटही थंड राहतील. हँडी ५ वॅटचाच असल्याने रिपीटरने त्याहून फार मोठ्याने बोलून उपयोग नसतो, कारण ऐकू येणाऱ्या रिपीटरला आपला आवाजच पोहोचत नाही, असे होते.

कोकणच्या पावसाळ्यात सौर पॅनेलवर सलग चार दिवस विसंबता येत नाही. ऐकताना अर्धा आणि बोलताना चार अँपिअर धरून, दिवसाचा पाचवा हिस्सा प्रक्षेपण चालेल असे मानले, तर रोज सुमारे २९ अँपिअर-तास लागतात. चार दिवसांचे ११६ झाले, म्हणून १५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी योग्य ठरेल. पूर येतो तेव्हाच ढग असतात, हे गणितात आधीच धरायला हवे.

सावित्रीकाठ

दोघांचाही मी मनापासून आभारी आहे. आमच्या परिचितांची डोंगरावर जागा आहे आणि तेथे १८ मीटरचा खांब उभारता येईल, त्यामुळे दोन अँटेना आणि दोन कॅव्हिटी हाच मार्ग मी धरतो. केबल म्हणून माझ्याकडे आरजी-५८ ही बारीक केबल पडून आहे, ती चालेल का? तसेच एका मित्राने २ मीटरवर ऐकून ७० सेंटिमीटर पट्ट्यावर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) बोलणारा क्रॉसबँड, म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांवर चालणारा, संच सुचवला आहे.

दोन मीटरवाला

आरजी-५८ वापरू नये. या फ्रिक्वेन्सीवर ती १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते, म्हणजे २० मीटरच्या ओढीत निम्म्याहून अधिक शक्ती केबलमध्येच संपेल. अँटेनापर्यंत निदान जाड आरजी-२१३ असावी. कॅव्हिटी आणि सेट यांमधले तुकडे मात्र आरजी-२१४ सारख्या दुहेरी जाळीच्या केबलचे हवेत, नाहीतर डब्यांनी अडवलेला संकेत केबलच्या जाळीतून गळून पुन्हा रिसीव्हरमध्ये शिरतो.

क्रॉसबँडमध्ये डुप्लेक्सरची अडचण बरीच सुटते हे खरे आहे. परंतु तो संच उलट दिशेनेही चालतो, म्हणजे ७० सेंटिमीटरवर ऐकून २ मीटरवर बोलतो, आणि तेव्हा १४५ च्या प्रक्षेपणाची तिप्पट फ्रिक्वेन्सी ४३५ होते, ती बरोबर आपल्या ७० सेंटिमीटर पट्ट्यात पडून ऐकण्यात अडथळा आणू शकते. तेव्हा जोडी निवडताना एवढे तपासावे. शिवाय खोऱ्यातील ज्यांच्याकडे फक्त २ मीटरचा हँडी आहे, त्यांना तो ऐकूच येणार नाही.

घाटमाथा

खांब उभारण्याआधी क्लबच्या अर्जात नेमके कोणते स्थान दिले आहे ते पाहून घ्यावे. रिपीटरसाठी व्यक्तिगत परवाना पुरत नाही, दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची वेगळी परवानगी लागते आणि तीत स्थानाचा उल्लेख असतो. अर्जात महाडमधील घराचा पत्ता असेल, तर दुरुस्ती आत्ताच पाठवावी. खांबाची आणि केबलच्या जाळीची भूजोडणी (अर्थिंग) मात्र वळवाच्या विजा सुरू होण्याआधी पूर्ण करावी.